खाद्यतेल : वाढते उत्पादन, वाढती गरज

श्रीमंताघरचे पक्वान्न असो की मजुराच्या शिदोरीतील भाकरीवरचा ठेचा असो, गोडेतेलाशिवाय आपला स्वयंपाक पुरा होत नाही. धान्याच्या खालोखाल ज्या वस्तूच्या भावाकडे सर्वसामान्य कुटुंबाचे लक्ष असते, ती वस्तू म्हणजे खाद्यतेल होय. धान्याच्या बाबतीत देश स्वयंपूर्ण झाला, दुधाच्या उत्पादनात त्याने जगात पहिले स्थान मिळविले; परंतु खाद्यतेलाच्या बाबतीत मात्र आपली निम्म्याहून अधिक गरज आजही परदेशातून आलेल्या तेलावर भागते. २०२२-२३ या तेल-वर्षात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या बारा महिन्यांत, सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल देशात आयात झाले. त्यासाठी सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन खर्ची पडले.

याच काळात देशातील तेलबियांचे उत्पादनही वाढत होते, ही या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. १९५०-५१ मध्ये प्रमुख नऊ तेलबियांचे एकूण उत्पादन सुमारे ५२ लाख टन होते. २०२२-२३ मध्ये ते ४१३ लाख टनांवर गेले. सत्तर वर्षांत उत्पादन आठपट झाले, तरी तेल अपुरे का पडते? या प्रश्नाचे उत्तर केवळ लोकसंख्येच्या वाढीत नाही. ते आपल्या पिकांच्या निवडीत, कोरडवाहू शेतीच्या मर्यादांत, व्यापारविषयक धोरणात आणि काही अंशी आपल्या ताटातही आहे.

तेल कोठून मिळते?

आपल्याकडे गळिताच्या धान्यांत नऊ पिकांची गणना होते. भुईमूग, सोयाबीन, मोहरी, तीळ, सूर्यफूल, करडई आणि कारळे ही सात खाद्यतेलाची पिके, तर एरंड आणि जवस ही प्रामुख्याने औद्योगिक वापराची पिके मानली जातात. विदर्भात जवसाचे तेल पूर्वापार खाण्यात आहे आणि जवसाची चटणी तर राज्यभर परिचित आहे. परंतु शासकीय वर्गीकरणात जवसाचे स्थान वेगळे आहे. या नऊ पिकांखेरीज सरकी, भाताचा कोंडा आणि खोबरे यांपासूनही तेल मिळते. सरकी व कोंडा हे दुय्यम स्रोत म्हणून ओळखले जात असले, तरी या प्रत्येकापासून वर्षाला सुमारे दहा लाख टन तेल मिळते, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

प्रत्येक बीमध्ये तेलाचे प्रमाण सारखे नसते. भुईमुगाच्या दाण्यात आणि तिळात ते ४८ ते ५० टक्क्यांच्या आसपास असते. मोहरी आणि सूर्यफूल यांत ते ४० टक्क्यांच्या जवळपास, करडईत ३० टक्क्यांच्या आसपास, तर सोयाबीनमध्ये अवघे १८ ते २० टक्के असते. हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

बीमधील तेल किती प्रमाणात बाहेर निघते, हे गाळपाच्या पद्धतीवर अवलंबून असते. गावोगावी बैलाच्या घाण्यावर तेल काढले जाई, तेव्हा पेंडीत बरेच तेल शिल्लक राहत असे. ही हानी कमी करण्यासाठी वर्धा येथील मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने घाण्यात सुधारणा केल्या आणि 'वर्धा घाणी' या नावाने ती घाणी देशभर परिचित झाली. त्यानंतर यांत्रिक एक्स्पेलर आले. त्यांच्या पेंडीत साधारणतः ६ ते ७ टक्के तेल उरते. हेक्झेन या द्रावकाच्या साहाय्याने तेल वेगळे करणाऱ्या कारखान्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येते. सोयाबीन आणि भाताचा कोंडा यांत मुळात तेल कमी असल्याने त्यांचे गाळप प्रामुख्याने याच पद्धतीने होते.

निर्यातदार देश आयातदार झाला

स्वातंत्र्यापूर्वी भुईमूग, जवस, एरंड इत्यादी तेलबिया मुंबई आणि अन्य बंदरांतून मोठ्या प्रमाणावर युरोपात जात असत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे तेलाच्या बाबतीत देशाची स्थिती ओढाताणीची असली, तरी परावलंबनाची नव्हती. त्या वेळी दरडोई खाद्यतेलाचा वापर वर्षाला सुमारे ३ किलोग्रॅम इतकाच होता, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे.

साठीच्या दशकात गहू आणि भात यांच्या अधिक उत्पादन देणाऱ्या जाती आल्या. पाण्याची सोय असलेली जमीन, खते, पतपुरवठा आणि शासकीय खरेदीची हमी यांचा ओघ साहजिकच त्या पिकांकडे वळला. तेलबिया हलक्या, कोरडवाहू जमिनीवर मागे राहिल्या. लोकसंख्या आणि क्रयशक्ती वाढत गेली, पण तेलबियांचे उत्पादन पावसाच्या लहरीप्रमाणे खाली-वर होत राहिले. १९७२-७३ च्या दुष्काळाच्या काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने काढलेले लाटणे मोर्चे महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत. धान्य, रॉकेल व खाद्यतेल यांसारख्या जीवनावश्यक वस्तूंची टंचाई हेच त्यांचे कारण होते. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून शासनाच्या व्यापार महामंडळामार्फत पामतेल व सोयाबीन तेल यांची आयात वाढू लागली आणि शिधावाटप दुकानांतून पामतेलाची विक्री सुरू झाली. ऐंशीच्या दशकात खाद्यतेल ही देशाच्या सर्वांत खर्चिक आयातींपैकी एक होऊन बसली.

तंत्रज्ञान मोहीम आणि पीत क्रांती

या पार्श्वभूमीवर १९८६ मध्ये केंद्र शासनाने तेलबिया तंत्रज्ञान मोहीम हाती घेतली. सुधारित पीक-तंत्र, गाळप व प्रक्रिया, शेतकऱ्यांना बी-बियाणे आणि अन्य सेवांचा पुरवठा, तसेच किंमत, साठवण व विक्रीव्यवस्था अशा चार अंगांनी एकाच वेळी काम करणे, हे या मोहिमेचे वैशिष्ट्य होते. यापूर्वी संशोधन एका खात्याकडे, बियाणे दुसऱ्याकडे आणि विक्री तिसऱ्याकडे अशी स्थिती होती. मोहिमेने या सर्वांना एका सूत्रात गोवले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने डॉ. व्हर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली दुधाच्या धर्तीवर तेलबिया उत्पादकांच्या सहकारी संस्था उभारण्याचे कार्य आधीच सुरू केले होते. १९८८ मध्ये 'धारा' या नावाने या संस्थांचे तेल बाजारात आले.

या प्रयत्नांना संशोधनाची भक्कम बैठक होती. तेलबियांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९६७ पासून कार्यरत होता. हैदराबाद येथे १९७७ मध्ये तेलबिया संशोधन संचालनालय आणि जुनागढ येथे १९७९ मध्ये भुईमूग संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले होते. महाराष्ट्राचा वाटाही मोलाचा आहे. जळगावच्या संशोधन केंद्रातून आलेली 'जेएल-२४' अर्थात 'फुले प्रगती' ही भुईमुगाची लवकर तयार होणारी जात देशभर पसरली. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून निर्माण झालेल्या 'टीएजी-२४' या जातीने उन्हाळी भुईमुगाला चालना दिली.

मोहिमेचा परिणाम लवकरच दिसून आला. १९८५-८६ मध्ये १०८ लाख टन असलेले तेलबियांचे उत्पादन १९८८-८९ मध्ये १८० लाख टनांवर आणि १९९६-९७ मध्ये २४४ लाख टनांच्या घरात पोहोचले. १९८७ च्या दुष्काळानंतरच्या चांगल्या पावसाचा आणि आयातीवरील नियंत्रणाचा यात वाटा होता हे खरे. तथापि इतक्या अल्प काळात उत्पादनात झालेली ही वाढ अपूर्वच होती. शेतांत फुललेल्या मोहरी आणि सूर्यफुलाच्या रंगावरून या यशाला 'पीत क्रांती' असे नाव मिळाले. नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी देशाची खाद्यतेलाची ९५ टक्क्यांहून अधिक गरज देशातच भागू लागली होती.

खुल्या आयातीनंतर

हे यश टिकले नाही. १९९४ मध्ये पामोलीन तेल आणि १९९५ मध्ये अन्य बहुतेक खाद्यतेले खुल्या आयातीच्या यादीत आली. शासकीय महामंडळाची मक्तेदारी संपली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क आकारण्याची मुभा भारतास होती, तर सोयाबीन तेलावरील कमाल मर्यादा ४५ टक्के होती. प्रत्यक्षात शुल्क यापेक्षा पुष्कळच खाली आणले गेले; १९९८ मध्ये ते १५ टक्के होते. त्याच सुमारास जागतिक बाजारात पामतेलाचे भाव घसरले. मलेशिया आणि इंडोनेशिया येथून स्वस्त तेलाचा ओघ सुरू झाला. नव्वदीच्या प्रारंभी अवघ्या काही लाख टनांवर आलेली आयात शतक संपता संपता ४० लाख टनांच्या वर गेली.

ग्राहकाला स्वस्त तेल मिळाले, ही जमेची बाजू होती. परंतु तेलबिया उत्पादकाला मिळणारा भाव खाली आला आणि पाण्याची सोय असलेल्या शेतकऱ्याने अन्य पिकांचा मार्ग धरला. त्यातच २००२-०३ च्या दुष्काळात उत्पादन १४८ लाख टनांपर्यंत घसरले. पुढे ते पुन्हा सावरले. मात्र मागणी त्याहून वेगाने वाढत गेली. दरडोई वापर आता वर्षाला १९ किलोग्रॅमच्या पुढे आहे, म्हणजे पन्नाशीच्या दशकाच्या सहापटीहून अधिक. लोकसंख्या चौपट आणि दरडोई वापर सहापट, हा गुणाकार कोणत्याही पिकाला सहजी पेलणारा नाही.

आज आयात होणाऱ्या तेलात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असतो. सोयाबीन तेल प्रामुख्याने अर्जेंटिना व ब्राझील येथून, तर सूर्यफुलाचे तेल रशिया व युक्रेन यांसह काही मोजक्या देशांतून येते. पुरवठा थोड्या देशांच्या हाती असणे किती जोखमीचे आहे, याचा प्रत्यय २०२२ मध्ये आला. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू होताच काळ्या समुद्रातील बंदरांतून होणारी सूर्यफूल तेलाची निर्यात खोळंबली. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने आपल्या ग्राहकांच्या हितासाठी पामतेलाची निर्यात सुमारे तीन आठवडे थांबविली. दोन्ही घटना हजारो मैल दूर घडल्या. पण त्यांची झळ येथील खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पोहोचली.

टन वाढले, तेल तितके वाढले नाही

तेलबियांच्या आकडेवारीकडे पाहताना एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. उत्पादनाचे आकडे बियांचे असतात, तेलाचे नव्हेत. ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्या तेलबियांत भुईमूग अग्रस्थानी होता. आज ते स्थान सोयाबीनने घेतले आहे. २०२२-२३ मध्ये सोयाबीनचे उत्पादन सुमारे १५० लाख टन, मोहरीचे १२६ लाख टन आणि भुईमुगाच्या शेंगांचे १०३ लाख टन होते. सोयाबीनमध्ये तेल १८ टक्के धरले, तर देशातील सर्व सोयाबीन गाळले तरी जेमतेम २७ लाख टन तेल मिळेल. मोहरीचे उत्पादन सोयाबीनहून कमी असूनही तिच्यापासून मिळणारे तेल कितीतरी अधिक आहे. भुईमुगाच्या दाण्यांचा मोठा भाग आता खाण्यासाठी, बियाण्यासाठी आणि निर्यातीसाठी जातो. गाळपास तुलनेने कमी उरतो.

सोयाबीन हे वास्तविक तेलाबरोबरच, किंबहुना तेलाहून अधिक, प्रथिनांचे पीक आहे. एक क्विंटल सोयाबीनच्या गाळपातून सुमारे १८ किलोग्रॅम तेल आणि ८० किलोग्रॅमच्या आसपास पेंड मिळते. ही पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्याचा मुख्य आधार आहे. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलाच्या भावापेक्षा पेंडीच्या भावाशी अधिक जखडलेला असतो. तेल महागले असतानाही सोयाबीन स्वस्त राहू शकते. बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला न उलगडणारे कोडे ते हेच. ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन सोयाबीन पेंडीच्या आयातीस परवानगी देण्यात आली, तेव्हा विक्रमी पातळीवर गेलेले सोयाबीनचे भाव उतरले. अलीकडे मक्यापासून इथेनॉल तयार करताना उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात वापरला जाऊ लागल्याने पेंडीच्या मागणीत आणखी एक स्पर्धक निर्माण झाला आहे.

महाराष्ट्रातील पीकबदल

या राष्ट्रीय प्रवाहाचे प्रतिबिंब महाराष्ट्राच्या शिवारात स्पष्ट दिसते. ऐंशीच्या दशकात राज्यात सोयाबीन नवखे पीक होते. आज विदर्भ व मराठवाड्यासह राज्यात ते ५० लाख हेक्टरांच्या जवळपास क्षेत्रावर घेतले जाते आणि मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र या पिकात आघाडीवर आहे. परभणी, राहुरी आणि अकोला येथील कृषी विद्यापीठे, तसेच पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी या पिकाच्या अनेक जाती दिल्या. शंभर दिवसांच्या आसपास हाती येणारे, यंत्राने काढता व मळता येणारे, रब्बीच्या हरभऱ्यासाठी शेत मोकळे करणारे आणि विकताच रोख पैसा देणारे पीक म्हणून सोयाबीनने ज्वारी, मूग, उडीद आणि काही भागांत कापूस यांची जागा घेतली.

याउलट करडईची कहाणी आहे. सोलापूर, परभणी, लातूर आदी जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीत केवळ हिवाळ्यातील ओलाव्यावर येणारे हे पीक एके काळी महाराष्ट्राची ओळख होते. त्याची मुळे जमिनीत खोलवर जाऊन ओलावा शोधतात. त्यामुळे पावसाने दगा दिलेल्या वर्षीही ते काहीतरी पदरात टाकते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात देशात करडईखाली नऊ लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्र होते. अलीकडे ते एक लाख हेक्टरांच्याही खाली आले. काटेरी पिकाच्या काढणीस मजूर मिळेनात, भाव अन्य तेलांच्या बरोबरीने ठरू लागला आणि सिंचनाच्या सोयीबरोबर ऊस व हरभरा यांनी जमीन व्यापली.

सूर्यफुलाचेही असेच झाले. १९६९ मध्ये सोव्हिएत संघातून आणलेल्या वाणांपासून या पिकाची व्यापारी लागवड सुरू झाली. नव्वदीच्या दशकात देशात ते २५ लाख हेक्टरांच्या वर पोहोचले होते. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजेच आजचा धाराशिव, हे जिल्हे या पिकासाठी प्रसिद्ध होते. पुढे रोगांचा प्रादुर्भाव, पाखरांचा उपद्रव, संकरित बियाण्याचा खर्च आणि आयात तेलाशी स्पर्धा यांमुळे क्षेत्र दोन-तीन लाख हेक्टरांपर्यंत आकसले. ज्या देशात हे पीक इतक्या मोठ्या क्षेत्रावर येत होते, तो देश आता वर्षाला सुमारे ३० लाख टन सूर्यफूल तेल विकत घेतो.

उत्पादकता कमी का?

तेलबियांची हेक्टरी उत्पादकता १९५०-५१ मध्ये ४८१ किलोग्रॅम होती, ती आता १,३५० किलोग्रॅमच्या आसपास आहे. प्रगती झाली, पण गव्हाच्या मानाने ती थोडी वाटते. तुलना करताना वनस्पतीची प्रकृतीही विचारात घ्यावी लागते. एक ग्रॅम पिष्ट तयार करण्यास रोपाला सुमारे १.२ ग्रॅम शर्करा लागते. एक ग्रॅम तेल तयार करण्यास मात्र सुमारे ३ ग्रॅम शर्करा खर्च होते. म्हणजेच तेलबिया हे अधिक पोषण मागणारे पीक आहे आणि आपण मात्र ते सर्वांत कमी पोषण मिळणाऱ्या जमिनीत घेतो. तेलबियांखालील सुमारे ७० टक्के क्षेत्र आजही पावसावर अवलंबून आहे.

सोयाबीनच्या बाबतीत ब्राझील किंवा अमेरिका येथे हेक्टरी तीन टनांहून अधिक उत्पादन मिळते. आपल्याकडे ते एक टनाच्या आसपास घोटाळते. तेथील पिकाचा कालावधी लांब आणि जमिनीचे पोषण अधिक असते, हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण आपल्या हाती आहे आणि ते म्हणजे बियाणे. सोयाबीनच्या बियांचे आवरण पातळ असते. मळणीयंत्राचे फेरे अधिक ठेवल्यास किंवा पोती उंचावरून आपटल्यास बीजांकुराला इजा होते आणि उगवण घटते. काढणीच्या वेळी आलेल्या पावसानेही बियाणे बिघडते. जुन्या जाती वर्षानुवर्षे पेरल्या जाणे, गंधकाची कमतरता आणि ऐन फुलोऱ्यात पडणारा पावसाचा खंड ही अन्य कारणे होत.

शुल्काचा तराजू

आयातशुल्क हे या प्रश्नातील सर्वांत नाजूक साधन आहे. शुल्क वाढविले तर शेतकऱ्याला दिलासा मिळतो, पण तेल महागते. कमी केले तर गृहिणीला दिलासा मिळतो, पण सोयाबीन-मोहरीचे भाव पडतात. गेल्या काही वर्षांत हा तराजू वारंवार झुकला आहे. २००८ मध्ये कच्च्या तेलांवरील शुल्क शून्य करण्यात आले. मार्च २०१८ मध्ये कच्च्या पामतेलावर ते ४४ टक्के झाले. महागाईमुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये कच्च्या तेलांवरील मूळ शुल्क पुन्हा शून्यावर आले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ च्या अखेरीस १० टक्क्यांवर आणले गेले.

यांतील प्रत्येक निर्णयास त्या त्या वेळचे सबळ कारण होते. तथापि शेतकरी जूनमध्ये पेरतो आणि ऑक्टोबरमध्ये विकतो. पेरणीच्या वेळी दिसणारी दिशा काढणीच्या वेळी कायम असेल, अशी खात्री त्याला नसते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये असताना राज्यातील अनेक बाजार समित्यांत भाव त्याखाली होते. शासनाने मोठ्या प्रमाणावर खरेदी केली. राज्यात ती ११ लाख टनांच्या आसपास गेली. परंतु खरेदी केंद्रावर मालातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेला माल वाळविण्याची सोय नसलेल्या आणि देणी भागविण्याची घाई असलेल्या लहान शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या दारात जावे लागते. आधारभूत किंमत जाहीर होणे आणि ती पदरात पडणे, यांतील अंतर ते हेच.

नव्या मोहिमा

या परिस्थितीत केंद्र शासनाने दोन मोहिमा हाती घेतल्या आहेत. २०२१ मधील तेलताड मोहिमेसाठी ११,०४० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. तेलताडाच्या चांगल्या बागेतून हेक्टरी चार टनांपर्यंत तेल मिळू शकते. आपल्या सोयाबीनच्या शेतातून ते सुमारे दोनशे किलोग्रॅम मिळते. हा फरक डोळे दिपविणारा असला, तरी तेलताडास भरपूर पाणी लागते, पहिली काही वर्षे उत्पन्न नसते आणि फळांचे घड तोडल्यानंतर एक-दोन दिवसांत कारखान्यात पोहोचावे लागतात. म्हणूनच हे पीक आंध्र प्रदेश, तेलंगण आणि ईशान्येकडील राज्ये अशा निवडक प्रदेशांपुरतेच योग्य ठरते. ईशान्येत लागवड करताना तेथील वनसंपत्तीची काळजी घेणेही तितकेच अगत्याचे आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेली खाद्यतेल-तेलबिया मोहीम महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक निकटची आहे. २०२४-२५ ते २०३०-३१ या सात वर्षांसाठी १०,१०३ कोटी रुपयांच्या या मोहिमेत तेलबियांचे उत्पादन ६९७ लाख टनांवर आणि हेक्टरी उत्पादकता २,११२ किलोग्रॅमवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. ते साध्य झाल्यास देशाची सुमारे ७२ टक्के गरज देशातच भागेल, असा अंदाज आहे. बियाण्यांची नवी केंद्रे, साठवणगृहे आणि शेतकरी उत्पादक संस्थांच्या आधारे उभे करावयाचे समूह हा या मोहिमेचा कणा आहे. १९८६ च्या मोहिमेचा अनुभव असा की, बियाणे, सल्ला आणि बाजार ही तिन्ही अंगे एकत्र चालली तेव्हा यश आले, आणि बाजाराचे अंग निखळताच ते ओसरले. नव्या मोहिमेचे भवितव्यही याच कसोटीवर ठरेल.

गावपातळीवर काय करता येईल?

आयातशुल्क गावात ठरत नाही; पण उत्पादकतेचा आणि बऱ्याच अंशी भावाचाही प्रश्न गावातच सुटण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट बियाण्याची. सोयाबीन हे स्वपरागी पीक असल्याने प्रमाणित बियाण्यापासून आलेले उत्पादन पुढील दोन-तीन हंगाम बियाणे म्हणून वापरता येते. त्याची उगवणशक्ती तपासण्यास प्रयोगशाळा लागत नाही. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर दहा-दहाच्या रांगांत शंभर दाणे ठेवून ते गुंडाळावे, ओलसर ठेवावे आणि पाच-सहा दिवसांनी मोजावे. सत्तर किंवा अधिक दाणे चांगले उगवले, तर हेक्टरी ७५ किलोग्रॅम बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते. मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने आणि शाळेच्या साहाय्याने सर्व गावाची अशी तपासणी झाली, तर दुबार पेरणीचे एक मोठे कारण आधीच टळेल.

दुसरी गोष्ट पेरणीची व पोषणाची. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी न करणे, रुंद वरंबा-सरी पद्धतीचा अवलंब करून जादा पाण्याचा निचरा व खंडाच्या काळात ओलावा या दोन्हींची सोय करणे, बीजप्रक्रिया करणे, तसेच भुईमुगास आऱ्या सुटण्याच्या वेळी जिप्सम देणे या साध्या बाबींनी उत्पादनात लक्षणीय फरक पडतो. कोरडवाहू रब्बी क्षेत्रात हरभऱ्याच्या जोडीने करडईचे चार तास घेण्याची जुनी प्रथा पुनरुज्जीवित करण्यासारखी आहे. आता करडईची काढणी यंत्राने होऊ शकते आणि बिनकाट्याच्या जातीही उपलब्ध आहेत.

तिसरी गोष्ट साठवण व विक्रीची. माल वाळविण्यासाठी सिमेंटचे खळे, ओलावा मोजण्याचे यंत्र आणि गोदाम या तीन सोयी गावात असतील, तर शेतकऱ्यास काढणीच्या आठवड्यातच माल विकण्याची सक्ती राहत नाही. गोदामातील मालाच्या पावतीवर कर्ज मिळण्याची सोय आहे. तिची माहिती देणे हे ग्रामसेवक व कृषी सहायक यांचे काम आहे. शेतकरी उत्पादक कंपनीने लहान तेलघाणा उभारल्यास भुईमूग, करडई, जवस यांचे तेल गावातच निघेल आणि पेंड गावच्या जनावरांच्या मुखी लागेल.

ताटातील तेल

शेवटची बाब वापराची. उत्पादन वाढविणे जितके आवश्यक, तितकेच अनावश्यक वापर टाळणेही हिताचे आहे. खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन पंतप्रधानांनी २०२५ च्या प्रारंभी केले. त्यामागे लठ्ठपणा, मधुमेह व हृदयविकार यांची वाढ हे मुख्य कारण होते. परंतु त्याचे आर्थिक मोलही लहान नाही. देशाच्या सध्याच्या वापराचा दहावा हिस्सा म्हणजे जवळजवळ २८ लाख टन तेल. देशातील सर्व सोयाबीन गाळून जेवढे तेल निघेल, त्याहून हे थोडे अधिकच आहे.

शाळांतील शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गाच्या विद्यार्थ्यास दररोज ५ ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गाच्या विद्यार्थ्यास ७.५ ग्रॅम तेल धरलेले असते. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला अर्धा किलो तेल लागते. तेवढ्या तेलासाठी किती सोयाबीन, किती करडई किंवा किती शेंगदाणे लागतील आणि ते पिकविण्यास किती गुंठे जमीन लागेल, याचे गणित मुलांकडून करवून घेतल्यास पातेल्यातील तेल आणि गावचे शिवार यांतील नाते त्यांच्या लक्षात येईल.

तेलबियांच्या बाबतीत देशाने एकदा स्वावलंबन जवळ आणले होते आणि दहा वर्षांच्या आत ते हातचे निसटले, हा इतिहास फार जुना नाही. ते मिळविणारे शेतकरी हेच होते आणि जमीनही हीच होती. चांगले बियाणे, वेळेवर सल्ला आणि काढणीच्या दिवशीही टिकणारा भाव या तीन गोष्टी त्यांच्या हाती आल्या, तर गेलेली भूमी पुन्हा मिळविता येईल. त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची सुरुवात गावापासूनच व्हावयाची आहे. तिसरीची जबाबदारी गाव, बाजार समिती आणि शासन या सर्वांनी मिळून उचलावयाची आहे.